निळ्या कार्डाचं ताट

तालीम नव्हती हो ती! कसली आलीय सुरक्षेची तालीम! खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाहीये. उल्का काकू, म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या सचिव, त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन बोट नाचवत बजावलंय, "शाल्मली, बेटा, हे आपल्या दोघींतच राहणार, ओके? मंडळाच्या इमेजचा प्रश्न आहे." आणि मी मान हलवली. मी कायम मानच हलवते. वर्गात मॅम गणिताचं उत्तर विचारतात, मला ते येत असतं, तरी मी मान हलवते, मग मॅम म्हणतात, "अगं, हो काय हो? मी आकडा विचारलाय!" ... पण तुम्हाला सांगते, त्या रविवारपासून मला धड जेवण जात नाहीये, आणि तुम्ही काही मंडळाचे सभासद नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नसावी. हळू बोलते. ऐकू येतंय ना?

तर सुरुवात बाबांपासून झाली. आमच्या घरात सगळी कामं बाबांपासून सुरू होतात आणि आईपाशी जाऊन संपतात, हे एकच मध्ये माझ्यापाशी अडकलं. आम्ही पुण्याहून इकडे कन्नड मुलखात आलो ते शहराच्या एका टोकाला, बेळ्ळंदूरला, बाबांची कंपनी तिथेच आहे म्हणून, आणि मंडळ भरतं जे. पी. नगरच्या हॉलमध्ये, म्हणजे जायला निघालं की ट्रॅफिकमध्ये माझा भूगोलाचा अख्खा धडा वाचून होतो. मंडळाचं स्नेहभोजन ठरलं रविवारी, आणि रविवारीच आली संकष्टी! आता काय करायचं? निम्म्या लोकांचा उपवास, निम्म्यांचा नाही, कुणाला साखर चालत नाही, कुणाला काय नि कुणाला काय. काकू म्हणाल्या, "दर वेळी पंगतीत गोंधळ होतो, या वेळी आपण सिस्टिम करू." सिस्टिम म्हणजे प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड. पांढरं कार्ड, नेहमीचं जेवण. पिवळं, उपवासाचं. हिरवं, बिनसाखरेचं. आणि निळं म्हणजे ज्याला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत त्याचं. ज्याचं जे कार्ड, त्याला ते ताट. वाढप्याशी वाद घालायचा नाही.

काकूंकडे दोन याद्या होत्या. एक जुनी, सगळ्या सभासदांची, तिच्यात नाव, फोन नंबर, पत्ता, आणि जेवणाच्या रकान्यात सगळ्यांना सरसकट 'नेहमीचं'. दुसरी नवी, लोकांनी फोनवरून भरून पाठवलेली उत्तरं. नव्या यादीवरून जुनी सुधारायची आणि तिच्यावरून कार्डं छापायची. काकू बाबांना म्हणाल्या, "अजित, तुम्ही आयटीवाले, तुम्हीच करून द्या ना." बाबांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता माझ्याकडे बोट केलं. "शाल्मली करेल. शाळेत कोडिंग शिकते ती. त्यात काय गं, नव्या यादीतला एकेक माणूस घ्यायचा, जुन्या यादीत शोधायचा, सापडला की त्याचा जेवणाचा रकाना बदलायचा, की पुढचा माणूस. एवढंसं तर काम!"

एवढंसं तर काम!

मी विचारलं हो, अगदी हळू का होईना, पण विचारलं, "बाबा, माणूस शोधायचा कशावरून? नावावरून?" तर बाबा म्हणाले, "छे, नावावर जाऊच नकोस. जुन्या यादीत सौ. सुनंदा असेल आणि नव्या यादीत तीच बाई स्वतःला पिंकी म्हणवत असेल. नंबरवर जा. माणसाचा नंबर एकच असतो." आणि मला ते पटलं! का नाही पटणार? आमच्या घरात बघा ना, बाबांचा नंबर वेगळा, आईचा वेगळा, माझासुद्धा वेगळा. पुण्याच्या आजीकडे तर दोन आहेत, एक बोलायला आणि एक नकोशा लोकांना द्यायला! मग मी प्रोग्राम लिहिला, आणि नीट मुलगी आहे मी, आधी तपासून पाहिला. कुणावर? आमच्याच घरावर. बाबा पांढरे, आई पिवळी, मी पांढरी. तिघंही बरोबर! मग खऱ्या याद्या घातल्या. कुठे अडला नाही, कुठे चूक दाखवणारी लाल अक्षरं नाहीत, डोळ्याचं पातं लवायच्या आत झालंसुद्धा. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती. प्रोग्राम अडला की तो निदान काहीतरी बोलत तरी असतो. हा माझ्यासारखाच निघाला, चुकला तरी गप्प.

आणि एक सांगायचं राहिलं. उत्तरं वाचताना एक ओळ माझ्या डोळ्यात राहून गेली होती. 'कावेरी. वय सहा. दाणे अजिबात नको. श्वास अडकतो. मागच्या वेळी दवाखान्यात ठेवावं लागलं.' मी ती ओळ दोनदा वाचली. मनात म्हटलं, निळं कार्ड. आणि पुढे गेले. प्रोग्राम आहे ना, तो करेल...

रविवारी हॉलच्या दारातच कार्यकर्ते उभे होते, नाव विचारायचे आणि गळ्यात कार्ड अडकवायचे. मुलांची पंगत आधी, म्हणून मुलांना लगेच कार्डासकट आत पिटाळत होते. मोठ्यांची रांग बाहेर व्हरांड्यात. मी मोठ्यांच्या रांगेत, आईच्या पाठीमागे जितकं लपता येईल तितकी लपून. आणि आमच्या पुढे महांतेश अण्णा. हे मूळचे बेळगावकडचे, पण त्यांचे आजोबाच इकडे आले, चिकपेटेत कापडाचं दुकान, माणूस असा धिप्पाड की त्यांच्या गळ्यात ते कार्ड तिकीट चिकटवल्यासारखं दिसत होतं. पिवळं कार्ड. अण्णा ते उलटं करून बघतात, सुलटं करून बघतात. "अय्यो, मला उपास कुणी लावला? जन्मात धरलो नाही मी उपास! लग्नादिवशी सुद्धा मांडवामागं जाऊन चार इडल्या खाल्लो होतो!"

समोर शिवकुमार, आमचे केटरर, हातात भला मोठा पळा. "कार्ड नोडी सार! कार्ड बघा. यल्लो कार्ड, खिचडी."

"अरे पण मला पोळी पाहिजे की!"

"व्हाइट कार्ड आणा सार, पोळी घ्या."

"व्हाइट कार्ड कुठनं आणू? झाडाला लागतंय काय?"

लोक हसले. मीही हसले असते, पण माझं लक्ष अण्णांच्या मागे गेलं. त्यांच्या बायको, धनलक्ष्मी अक्का. त्यांच्या गळ्यात पिवळं. त्यांच्या मागे विठाबाई आज्जी, अण्णांच्या आई, पिवळं. आज्जींचं बरोबर होतं, त्यांची संकष्टी होतीच. पण मग मी वळून बघितलं, तर जयसिंगरावांचं घर! पाचही जण हिरवे! मधुमेह एकट्या जयसिंगरावांना, आणि त्यांचा नातू मुलांच्या पंगतीतून पळून येऊन श्रीखंडाच्या पातेल्यापुढे उभा राहून असा भोकाड पसरून रडत होता, आणि जयसिंगराव कसे खुशीत! "रडू नकोस रे, मी नाही का राहत श्रीखंडाशिवाय? आज सगळे मिळून राहू!" आयुष्यात पहिल्यांदा कंपनी मिळाली होती हो त्यांना.

एवढंसं तर काम...

मी एकेक घर बघत गेले. आमच्यासारखी नवी आलेली, बेळ्ळंदूरची वगैरे घरं होती ती रंगीबेरंगी, एक पांढरा, एक पिवळी, सगळं जिथल्या तिथे. आणि जुनी, तीन-तीन पिढ्या इथेच मुरलेली घरं? ती सगळी एका रंगाची, शाळेचा गणवेश घातल्यासारखी! मी अक्कांच्या पदराला हात लावला आणि विचारलं, म्हणजे विचारलं कसलं, तोंडातून नुसती हवा आली, "अक्का... तुमचा फोन नंबर काय?"

"माझा?" अक्का हसल्या. "आमच्यात नंबर एकच की गं बाळ. ह्यांचा. सासूबाईंचा पण ह्यांचाच, माझा पण ह्यांचाच, कावेरीच्या शाळेत दिलाय तो पण ह्यांचाच. फोन आहे माझ्याकडं, पण नंबर दे म्हटलं की ह्यांचाच द्यायचा. घरचा नंबर म्हंजे तोच नव्हे काय?"

कळलं का तुम्हाला? मला तिथेच उभ्या उभ्या कळलं, अगदी प्रोग्राम डोळ्यांपुढे चालताना दिसावा तसं. अण्णांचं उत्तर आलं, नेहमीचं. तो नंबर जुन्या यादीत शोधला, चार माणसं सापडली, चौघंही पांढरी केली. अक्कांचं उत्तर आलं, चौघं पुन्हा पांढरी. मग कावेरीचं आलं, दाणे नकोत. चौघंही निळी! त्या क्षणाला ते अख्खं घर सुखरूप होतं हो! आणि मग सगळ्यात शेवटी आलं आज्जींचं. त्या भटजींना तिथी विचारल्याशिवाय काही भरत नाहीत, म्हणून शेवटी. उपवास. चौघंही पिवळी. जो शेवटी बोलला, त्याचंच सगळ्या घराने ऐकलं.

आणि उपवासाच्या ताटात काय असतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? तुम्ही मराठी माणसं! साबुदाण्याची खिचडी, तिच्यात दाण्याचं कूट. वरईचा भात, त्याच्यावर दाण्याची आमटी. बटाट्याची भाजी, कूट. काकडीची कोशिंबीर, कूट. शेवटी लाडू. कशाचा लाडू? दाण्याचा! आपला सगळा उपवास शेंगदाण्याच्या खांद्यावर उभा आहे, आणि मी त्या सहा वर्षांच्या मुलीला...

"निळा कार्ड यारू इल्ला!" तेवढ्यात शिवकुमार ओरडले. "निळा कार्ड कुणीच नाही? मी कढई वेगळी केली, तेल वेगळं केलं, पळा वेगळा ठेवला, मग कुणासाठी केलं?"

झाकलेलं ते एक ताट तसंच टेबलावर पडून होतं. कुणी नेलंच नव्हतं.

मी म्हटलं, "अक्का, कावेरी?"

"ती काय, आत बसलीय मुलांच्यात. या वेळेला काळजी नाही बघ. उल्का काकू बोलल्या, सिस्टिम आहे, रंगाचं काय ते त्या बघतात. मी तिला सांगूनच ठेवलेय, गळ्यातल्या कार्डाप्रमाणं जे वाढतील तेच खायचं, दुसरं कुणी काय दिलं तर नको म्हणायचं. ऐकती हो माझी पोरगी."

ऐकती! एवढं भयंकर वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. एखादी मुलगी हट्टी असते, तोंड फिरवते, ताट ढकलते. ही ऐकती! मी अक्कांना सांगायला तोंड उघडलं, आणि आवाज? नाही. अक्का तोवर वळल्यासुद्धा, नवऱ्याच्या पोळीसाठी शिवकुमारशी भांडायला. मग मी पळाले. आई पाठून ओरडली, "अगं, रांग सोडू नकोस, नंबर जाईल!"... नंबर म्हणे!

आत हॉलमध्ये मुलांची पंगत बसलेली. लांबच लांब सतरंज्या, ताटं वाढून झालेली, आणि सगळी मुलं हात मांडीवर ठेवून गप्प. का? तर श्लोक व्हायचा होता. आमच्या मंडळात श्लोक झाल्याशिवाय घासाला हात लावत नाहीत, आणि श्लोक सांगतात उल्का काकू, व्यासपीठावरून, माइकवर, आणि श्लोकाच्या आधी त्या 'दोन शब्द' बोलतात. त्यांचे दोन शब्द म्हणजे वरण गार होतं, भात कडक होतो, मागे एकदा तर आइस्क्रीम प्यावं लागलं होतं. आणि तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले, देवा गणराया, तुझीच संकष्टी आहे, आज काकूंचं भाषण लांबू दे! शेंगदाण्याचा उगम कुठल्या देशात झाला ते सांगू देत, त्यांचं पुण्याचं बालपण सांगू देत, काहीही सांगू देत! मी पिवळ्या कार्डांमधून कावेरीला शोधायला लागले... आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की कावेरी दिसते कशी, हेच मला माहीत नाही! तिच्या वडिलांचा फोन नंबर मला पाठ, घरचा पत्ता पाठ, वय पाठ. चेहरा? चेहऱ्याचा रकानाच नव्हता. पिवळ्या कार्डाची कितीतरी मुलं, सगळी खाली मान घालून ताटाकडे बघतायत. एकीला विचारलं, "तू कावेरी?" तिने मान हलवली. हो की नाही? काही कळलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या मॅमची दया आली.

आणि वर व्यासपीठावर काकू काय म्हणाल्या असतील? "बालमित्रांनो, अन्नाविषयी खूप बोलण्यासारखं आहे..." मी म्हटलं, बोला, बोला! "...पण तुम्हाला भूक लागलीय, म्हणून आज मी थोडक्यात आवरते."

थोडक्यात! काकू! अख्ख्या जन्मात नाही ते आज!

श्लोक सुरू झाला. मुलं मोठ्याने म्हणतायत, मी सतरंज्यांच्या मधून पळतेय, कुणाच्या तरी पाण्याच्या पेल्याला पाय लागला, व्यासपीठाच्या पायऱ्या चढले, काकूंचा पदर ओढला, तर त्या श्लोक म्हणता म्हणताच डोळे मोठे करून 'थांब' म्हणतायत. श्लोक संपला. सगळे चमचे एकदम खाली गेले, खिचडीत शिरले, वर आले...

मी माइक हिसकावला. मी! जिने वाढदिवसाला स्वतःच्या घरी कुणाला 'थँक्यू' म्हटलं नाही! आणि ओरडले, "कुणीऽऽ खाऊ नकाऽऽ! पिवळं ताट कुणीऽऽ खाऊ नकाऽऽ!"

माइक असा किंचाळला की खांबावरची कबुतरं उडाली. सगळे चमचे हवेत थांबले. आणि मग मागून कुणीतरी म्हणालं, "पाल पडली वाटतं!" झालं! "पाल पडली, पाल पडली!" बायका आत धावल्या, शिवकुमार पळा उगारून आत, "माझ्या खिचडीत पाल? कोण बोलला? दाखवा पाल!" मागून महांतेश अण्णांचा आनंदी आवाज, "मी तेव्हाच बोललो, खिचडी नको म्हणून!" सगळा हॉल पालीसाठी ताटं धुंडाळतोय, आणि त्या गर्दीतून फक्त धनलक्ष्मी अक्का सरळ पळत आल्या, कुणाला काही न विचारता. तिसऱ्या सतरंजीच्या टोकाला दोन वेण्यांची एक बारकीशी मुलगी, चमचा ओठांपाशी, तोंड उघडं. तसंच उघडं! मिटायला कुणी सांगितलं नव्हतं ना. अक्कांनी चमचा उडवला, तिचं तोंड धरलं. "घातलीस काय? आ कर! आ कर म्हणते! जीभ बघू!" तिचे ओठ पुसले, बोटं पुसली, गळा बघितला, परत ओठ पुसले.

"नाही गं अम्मा," ती म्हणाली. "ती ताई ओरडली."

अक्का खालीच बसल्या. मग त्यांनी तिच्या गळ्यातलं पिवळं कार्ड हातात घेतलं, बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. "हे कार्ड कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. अगदी हळू म्हटलं हो, नेहमीसारखं. पण माइक हातातच होता.

मीऽऽ! अख्ख्या हॉलमध्ये, मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. जमीन काही दुभंगली नाही, काकूंनी माइक घेतला. "हो! हिनेच! ही आपली सुरक्षेची तालीम होती, मित्रहो, आणि ती आपल्या शाल्मलीने केली! जोरदार टाळ्या!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! पालीच्या तयारीत आलेले लोक, त्यांना तालीमही चालली.

अक्कांनी वाजवल्या नाहीत. कावेरीला निळ्या कार्डाचं ते झाकलेलं ताट त्यांनी स्वतः नेऊन भरवलं, आणि मग माझ्याकडे आल्या. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या बारी मला विचार," त्या म्हणाल्या. "नंबराला विचारू नको. मला विचार."

मी मान हलवली. या वेळी खरंच हो होतं ते.

परत येताना गाडीत बाबांना सगळं सांगितलं, तर बाबा ब्रेकवर पाय ठेवून म्हणतात, "अगं, ज्या रकान्यावरून शोधायचं तो प्रत्येकाचा वेगळा आहे का, हे आधी बघायचं असतं. आणि एकाला चार सापडले तर बदलायचं नाही, बाजूला काढून ठेवायचं, माणसाला विचारायचं. एवढंसं तर काम!" आई इतक्या जोरात म्हणाली, "अजित, तुम्ही गप्प बसा!" की पुढच्या रिक्षावाल्याने वळून बघितलं. मी घरी जाऊन प्रोग्राम सुधारला. आता नाव आणि नंबर दोन्ही जुळल्याशिवाय तो कुणाला हात लावत नाही, आणि शंका आली की सरळ थांबतो. तेवढा तो माझ्यापेक्षा बरा झाला.

पण तालमीचं काय? ते कसं सुधारणार? सगळं मंडळ म्हणायला लागलं, "काय खणखणीत आवाज आहे हो त्या मुलीचा! काय धीट!" धीट! मी! खरं सांगायची सोय नाही, कारण मग ती तालीम नव्हती हे सांगावं लागेल, आणि काकूंचं ते बोट... म्हणून तर आज मी इथे, पडद्यामागे, खुर्च्यांच्या चळतीआड उभी आहे. आज मंडळाचा वर्धापनदिन, आणि सूत्रसंचालन कुणाकडे? माझ्याकडे! संपूर्ण! काकू म्हणाल्या, "त्यात काय बेटा, माइक धरायचा, नाव घ्यायचं, चार गोड वाक्यं बोलायची, बाजूला व्हायचं. एवढंसं तर काम!" पडद्याच्या फटीतून बघितलं मी मघाशी, माणसंच माणसं... अय्यो, काकू आल्या वाटतं. तुम्हाला खरं सांगू? माझं ओरडण्यात चुकलं नाही, चेहऱ्यात चुकलं. कावेरीचा चेहरा माहीत असता तर गुपचूप जाऊन ताट उचललं असतं, कुणाला कळलं नसतं, आणि आज मी शेवटच्या रांगेत बसून वडा खात असते. म्हणून आता मी ठरवलंय, मंडळातल्या एकूण एक मुलाचा चेहरा पाठ करायचा, म्हणजे पुढच्या वेळी काही झालं तरी मला अजिबात तोंड न उघडता—

"शाल्मलीऽऽ! कुठे आहेस बेटा? पडदा उघडला!"